दात नंतर, आधी तोंड उघडतंय का ते बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३१ मे, म्हणजे जागतिक तंबाखूविरोधी दिन, जवळ आला की वर्तमानपत्रांत विझवलेल्या सिगारेटचं चित्र ठरलेलं. आपल्याकडे खरं चित्र पुडीचं हवं. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ निघाले ३.८ टक्के, धूर न काढता तंबाखू वापरणारे २४.४ टक्के.

मी दंतवैद्य. हडपसरला दवाखाना टाकल्यावर पहिली कित्येक वर्षं मीही डाग पडलेले दात लख्ख करून द्यायचे, पैसे घ्यायचे आणि गप्प बसायचे. 'पुडी सोड' म्हटलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल, ही भीती. मग पंचविशीतला एक टेम्पोचालक अक्कलदाढ दाखवायला आला. दाढ दिसणार कशी, तोंडच उघडेना! एरवी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात, याचं जेमतेम एक. घरी त्याच्यासाठी बिनतिखटाची भाजी वेगळी काढत होते. "मॅडम, तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो." पण गालाचं अस्तर सुपारीनेच ताठरतं. ते पूर्ववत होत नाही आणि पुढे कर्करोगाची टांगती तलवार.

त्यानंतर संध्याकाळचा दवाखाना बंद करून मी वस्त्यांमध्ये तपासणीला जाऊ लागले. (सासूबाई अजून म्हणतात, "एवढं शिकून हेच करायचं होतं?") तिथे पहिला धडा मिळाला तो प्रश्न विचारण्याचा. "तंबाखू खाता का?" म्हटलं की बायका ठाम नाही म्हणतात. "मशेरी लावता का?" विचारलं की डबी पुढे येते. मशेरी म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, पण त्यांच्या लेखी ते दात घासणंच.

गुटखाबंदी जुलै २०१२ ची. टपरीवर पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसरीत, एवढाच फरक पडला. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला मनाई आहे. कुठल्याही शाळेच्या फाटकातून पावलं मोजत निघा.

पालिकेच्या शालेय तपासणीत उंची-वजनासोबत ही तीन बोटांची चाचणी घ्यावी. खर्च शून्य, वेळ अर्धा मिनिट. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी केसपेपरवर सुपारी, मशेरी, तंबाखू असे तीन वेगळे प्रश्न छापावेत. सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८०० ११ २३५६ हा मोफत क्रमांक पुडीवरच असतो, पण फाडताना तो कोण वाचतो? मी त्याचा रबरी शिक्का करून घेतलाय.

— एक दंतशल्यचिकित्सक, हडपसर, पुणे