खालच्या मजल्यावरच्या काकूंना, हॉलबद्दल थँक्यू

काकू,

तोंडावर थँक्यू म्हंटलं की तुम्ही "बरं बरं, चहा टाक आधी" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या सुनेने फोनवर दाखवलंच तर रागावू नका, नाव कुठेच टाकलेलं नाहीये.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. डोंबिवलीतलं आमचं वन बीएचके, हॉल दहा बाय चौदा, आणि त्यात तीसेक वर्षांचा संसार. आईच्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट ठरलं, मंगळवारी ऑपरेशन, चार दिवसांनी घरी, आणि हॉस्पिटलमधून मिळालेल्या कागदावर एकच ओळ की घरात चालायची वाट मोकळी ठेवा. मी काय केलं, तर रात्री दीडपर्यंत हॉल आवरायचे व्हिडिओ बघितले आणि सहा स्टोरेज बास्केट ऑर्डर केल्या. शनिवारी सकाळी तुम्ही वर आलात, दारातच त्या बास्केट बघितल्यात आणि म्हणालात, "पसारा काढायचाय म्हणालीस ना गं? हा तर वाढवलास."

मला वाटलं आता तुम्ही कपाट उघडून हे ठेव ते टाक सुरू करणार. तुम्ही काहीच उघडलं नाहीत. खाली जाऊन काकांच्या फ्रॅक्चरच्या वेळचा वॉकर घेऊन आलात आणि तो पकडून आमच्या हॉलमधून चालायला लागलात, बेडरूमच्या दारापासून बाथरूमपर्यंत, मग मेन डोअरपर्यंत, आणि जिथे जिथे अडकलात तिथे फरशीवर खडूने फुली मारत गेलात. अकरा फुल्या झाल्या! वॉकर दोन फुटांचा, आणि सोफा नि टीपॉयच्या मधून तर मीच तिरकी होऊन जायचे हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. जन्मभर हाडांच्या वॉर्डात सिस्टर असलेल्या माणसाची नजर ती, शोकेसकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाहीत, फक्त जमिनीकडे.

म्हणजे काय फेकायचं हा प्रश्नच नव्हता, फुली कशी पुसायची एवढंच. माझं अर्धं टेन्शन तिथेच गेलं खरं सांगते.

पहिली फुली टीपॉय, काचेचा, कोपरे टोकदार. दुसरी, तिसरी, चौथी पायपुसणी. आणि मला ती पायपुसणी म्हणजे स्वच्छता वाटायची हो! तुम्ही सांगितलंत की वॉकरचा पाय पायपुसण्याच्या कडेला अडकतो नाहीतर ते फरशीवर सरकतं, आणि बाई पडली की केलेलं सगळं पाण्यात. पाचवी टीव्हीच्या मागून सोफ्याच्या मागे फिरणारी एक्स्टेंशनची वायर. मग रद्दी. मग आईचं शिवणाचं पायमशीन. मग सोफ्याच्या मागे चादरीत गुंडाळलेलं गणपतीचं थर्माकोलचं मखर, २०१८ ला बंदी आल्यापासून वापरता येत नाही आणि बाबांनी कापलेलं म्हणून टाकवतही नाही, त्यामुळे इतकी वर्षं सोफा भिंतीपासून फूटभर पुढे! त्या मखराने आमचा फूटभर हॉल खाल्ला होता आणि आम्ही बिल्डरला शिव्या देत होतो.

मखराचं तुम्ही जे केलंत ते मला सुचलं नसतं. फक्त मधली महिरप काढून कपाटाच्या मागे सरकवलीत, बाकीचं सोडा म्हणालात. बाबांच्या पेन्सिलच्या खुणा त्या महिरपीवरच आहेत, ते तुम्ही आधीच बघून ठेवलं होतं.

रद्दी ४१ किलो निघाली. एकाच खिळ्यावर सात कालनिर्णय, एकावर एक, कारण मागच्या पानांवर दुधाचा हिशोब आणि सिलिंडरच्या तारखा. जुना पिक्चर ट्यूबचा डबा टीव्ही मी भंगारवाल्याला देणार होते, तुम्ही अडवलंत, तो हातोडीने फोडतात आतल्या तांब्याच्या तारेसाठी आणि त्या काचेत शिसं असतं, ई-कचऱ्यातच द्यायचा. तो दिला. चांगल्या साड्यांचं गाठोडं बोहारणीसाठी बाजूला काढलं, पण आई घरी आल्याशिवाय द्यायचं नाही अशी तुमची ताकीद. संक्रांतीच्या वाणात आलेले प्लॅस्टिकचे डबे तेवीस होते, झाकणं एकोणीस, आणि मी चार बिनझाकणाचे कचऱ्यात टाकले तर तुम्ही बाहेर काढलेत. "हे तुझं नाही, तिचं आहे. तू फक्त जागा बदल." मला रागच आला होता तेव्हा. एवढं राबतोय आणि चार डबेही टाकायचे नाहीत?

पण आईने घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी डबे मोजले हो. खरंच मोजले.

शोकेस दुसऱ्या भिंतीला न्यायची होती तेव्हा तुम्ही आधी माझ्या फोनवर प्रत्येक फळीचा फोटो काढायला लावलात आणि मग सरबताच्या लेमन सेटपासून काचेच्या बदकांपर्यंत सगळं जिथल्या तिथे परत लावलंत, धूळ पुसून. मला म्हणालात, ऑपरेशन होऊन आलेल्या माणसाला घर अनोळखी वाटायला नको. सहा बास्केटपैकी दोन वापरात आल्या, एकात औषधं आणि रिपोर्ट, एकात चार्जर. बाकीच्या परत पाठवल्या.

आणि खुर्ची. सोफ्यावर आईला बसवायचं नाही हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत, खोल आणि मऊ, बसली की गुडघे वर आणि उठताना जोर लावायला काही नाही. हाताची टणक खुर्ची हवी, बसल्यावर कंबर गुडघ्यापेक्षा जरा वर. प्लॅस्टिकची हलकी म्हणून नको, सरकते. मग बाल्कनीत कपडे वाळत घालायला ठेवलेली आजोबांची सागवानी खुर्ची आत आली, नाक्यावरच्या सुताराने पायांना तीन इंचाचे ठोकळे बसवले, खाली रबर लावलं. सोफ्यावरच्या अकरा कुशनांपैकी दोन राहिली, आणि मी प्रेमाने एक गुडघ्याखाली ठेवायला गेले तर तुम्ही ओरडलात, गुडघ्याखाली नाही, टाचेखाली, नाहीतर पाय सरळ होणार नाही.

रविवारी रात्री परत वॉकर घेऊन चाललात. एकही फुली नाही. मग दिवे बंद करून परत चाललात! बेडरूममधून बाथरूमला जायचं तर हॉल ओलांडूनच जायचं आणि आई रात्री दोनदा उठते, म्हणून. त्याच रात्री प्लगमधला छोटा दिवा आणला.

पुढच्या शनिवारी आई आली, उंबऱ्याशी थांबली, आत बघितलं. मला वाटलं आता डोळ्यात पाणीबिणी येणार. तर म्हणाली, "माझा टीपॉय कुठाय?"

तो तुमच्याकडे आहे हे मी दोन महिने सांगितलं नाही. माळ्यावर ठेवलाय म्हणत राहिले. मागच्या आठवड्यात तुमच्या सुनेने तुमच्या हॉलचा फोटो टाकला आणि आईने झूम करून ओळखला, वर कांदेपोह्यांच्या बशा होत्या म्हणे. आता काठीवर चालतेय ती, आणि जिना तुम्ही शिकवलात तसाच, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. एक मजला उतरायला सात मिनिटं लागतात, काल मोजली.

तर काकू, उद्या चार वाजता येतेय ती तुमच्याकडे, टीपॉयचा जाब विचारायला. तुमचं दारातलं पायपुसणं तेवढं उचलून ठेवा. आणि चहा बिनसाखरेचा.