एसी दुरुस्तीचे पैसे देण्याआधी

महोदय,

उन्हाळा लागला की एसी दुरुस्तीसाठी गूगलवर सर्वांत वर दिसेल तो क्रमांक फिरवला जातो. तो अनेकदा पैसे भरून दिलेली जाहिरात असतो. कंपनीचा खरा क्रमांक वॉरंटी कार्डावर मिळतो.

बिलावर जीएसटी लावणार असतील, तर आधी त्यांचा जीएसटी क्रमांक मागा. त्यात १५ अंक-अक्षरे असतात आणि महाराष्ट्रातला क्रमांक २७ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर टाकला की नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे समजते. छोट्या कारागिराकडे हा क्रमांक नसेलही, त्यात वावगे काही नाही. पण नोंदणी नसताना कर उकळणे हा सरळसरळ गुन्हा आहे. यूपीआयचा पिन टाकण्याआधी दिसणारे नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहा. ‘बुकिंगचे फक्त १० रुपये’ म्हणत एपीके फाइल (फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) पाठवली, तर फोन ठेवून द्या.

एसीतला गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. गळती न शोधताच गॅस भरण्यासाठी आगाऊ रक्कम मागणाऱ्याला एक पैसाही देऊ नये. फसवणुकीत ऑनलाइन पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा; उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत वळती होते.

– एक वाचक, ठाणे