आयोडीन नव्हे, आयोहेक्सॉल

लालबाग, मुंबई
बुधवार, रात्री

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुला एडिनबराला पोचल्यावर बॅग उपसताना सापडेल. मेतकुटाच्या पुडीखाली ठेवते आहे, कारण मेतकूट तू पहिल्यांदा शोधशील. तोंडाने सांगायला गेले तर परवासारखंच होणार. "आई, रिटायर झालीस ना, आता तरी वॉर्ड सोड," म्हणून तू गॅलरीत गेलास आणि मी कुकर लावायला. तीन शिट्ट्यांच्या जागी पाच झाल्या. डाळीचा लगदा तू न बोलता खाल्लास, ते मला दिसलं.

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसले आहे. थंडी, स्वेटर, पैसे, बाहेरचं खाणं, यातलं काही लिहिणार नाही. एकच गोष्ट, तीही थोडक्यात.

तुझ्या डिस्चार्ज कार्डावर "आयोडीन ॲलर्जी" लिहिलं आहे. तो कागद उपयोगाचा नाही.

मला राग त्याचा नाही आला. राग याचा आला, की तू चार दिवस सांगितलं नाहीस. तेही सांगितलं नाहीसच, मी तुझ्या हातावर व्हेनफ्लॉनची निळी खूण पाहिली म्हणून बोललास. एकतीस वर्षं ती सुई लावली मी, मला कळणार नाही होय? पोटात दुखत होतं, सीटी केला, अपेंडिक्स नव्हतं, "बाकी डायने थोडी खाज सुटली", असं म्हणालास. डाय म्हणजे आतलं नीट दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध. थोडी खाज! मग एकेक काढून घ्यावं लागलं. डाय गेल्यावर तीन-चार मिनिटांत अंगभर गांधी, मग आवाज बसला, मग घसा आवळला.

तरी एक सांगते, तू गप्प पडून राहिला नाहीस याचा मला अभिमान आहे. पुष्कळ लोक गप्प राहतात. डायने बहुतेकांना अंगात गरम वाटतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते, त्यामुळे हेही त्यातलंच असेल असं वाटतं त्यांना. मी पेशंटना आधीच सांगायची, "काका, लघवी झाल्यासारखं वाटेल, झालेली नसते, लाजू नका. पण खाज आली, शिंक आली, घशात काही वाटलं, तर ओरडा." तू ओरडलास. लहानपणी तू स्वयंपाकघरात डबे खालीवर करत बसायचास आणि मी कोणाशी तरी फोनवर हेच बोलत असायची. कानावर पडलं असेल का तुझ्या? आणि ज्या कोणी तुझ्या मांडीत सरळ ॲड्रेनॅलिन दिलं, त्या माणसाचं नावही मला ठाऊक नाही, पण रोज दिवा लावताना मी त्याला आठवते. घाबरलेली माणसं आधी ॲव्हिल देत बसतात. ॲव्हिलने खाज जाते, घसा उघडत नाही.

पण मग सही करून संध्याकाळी घरी का आलास? पवईच्या त्या खोलीवर एकटा झोपलास. ॲड्रेनॅलिन उतरल्यावर काही तासांनी दुसऱ्यांदा उसळतं कधीकधी, म्हणून तर रात्रभर ठेवतात. दार आतून बंद, मित्र गावाला, आणि मी इथे मालिका बघत बसलेले. मी त्या रात्रीचा विचार...

असो. पुन्हा सुरू झाले. माफ कर.

तर ते कार्ड. तुला वाटतं मी शब्दांचा कीस पाडते आहे. आता जे लिहिते ते तुझ्या बाबांनाही मी नीट सांगितलेलं नाही. 2008 साली बाबांची अँजिओग्राफी झाली, त्यातही असाच डाय देतात, तेव्हा तू शाळेत होतास, वेंगुर्ल्याला आजीकडे पाठवलं होतं तुला. टेबलावरून बाहेर आले तेव्हा ठीक होते, तासाभरात पाठीवर, पोटावर गांधी उठल्या. फार मोठं नव्हतं ते. हाउसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, पोरगा नवा, पेन हातात घेऊन माझ्याकडे बघत होता, कारण मी सिस्टर. मी म्हटलं, "आयोडीन ॲलर्जी लिहा." त्याने लिहिलं. आम्ही सगळे तेच म्हणायचो तेव्हा. डायमध्ये आयोडीन, मासळीत आयोडीन, झालं.

आणि मी घरात कोलंबी बंद केली. तुला आठवत असेल. वेंगुर्ल्याचा माणूस तो, बुधवारी बाजारात कोळणीच्या पाटीसमोर उभा राहून फक्त भाव विचारून यायचा. बांगडा, सुरमई मी करायची, कारण मनात होतं की खरं वाईट ते कोलंबी-कुर्ल्यांतच. काय हिशोब होता तो देव जाणे. अकरा वर्षं. खिडकीतून शेजारच्या खोलीतल्या सुक्याचा वास आला की पेपर वर धरून बसायचे. तुझ्या गुडघ्याला बीटाडीन लावायचं, त्यातही आयोडीन म्हणून तेसुद्धा मी त्यांना हात लावू द्यायची नाही.

2019 ला पुन्हा अँजिओग्राफी. तिथले डॉक्टर कार्ड बघून म्हणाले, "आयोडीन? सिस्टर, घरात मीठ कोणतं वापरता?" मी गप्प. आयोडीन प्रत्येकाच्या अंगात असतं, थायरॉइड त्याच्यावरच चालतं, त्याची ॲलर्जी घेऊन माणूस जगेल कसा? कोलंबीची ज्यांना असते त्यांना ती तिच्यातल्या ट्रोपोमायोसिन नावाच्या प्रथिनाची असते, त्याचा डायशी काडीचा संबंध नाही. मग त्यांनी विचारलं, "बरं, तेव्हा डाय कोणता होता?"

मला सांगता आलं नाही, मंदार. खोक्यावरचं नाव वाचून एका ओळीत लिहून ठेवायचं होतं, एवढंच. मी तिथे उभी होते, खोकं कचऱ्याच्या बादलीत वरच पडलं होतं, आणि मी आयोडीन लिहायला लावलं. अकरा वर्षांनी तो रेकॉर्ड कुठे मिळतो? अंदाजाने दुसरा निवडावा लागला, स्टिरॉइड देऊन. निभावलं. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर मी जेवढी घाबरले तेवढी तुझ्या जन्माच्या वेळीही नव्हते.

आता तुझं. तुझ्या वेळी मी तिथे नव्हते, पण तू सांगितल्यावर दुसऱ्याच दिवशी जाऊन सीटीवाल्यांकडून लिहून आणलं. तू यालाच "नाक खुपसणं" म्हणालास. तुला दिलेल्या डायचं नाव आयोहेक्सॉल. लक्षात ठेव. कोणी विचारलं तर "डायची ॲलर्जी" म्हणू नकोस, "आयोडीन" तर मुळीच नको. नाव सांगितलंस तर त्यांना दुसरा डाय निवडता येतो, ॲलर्जीचे डॉक्टर कातडीवर टेस्ट करून कोणता चालेल याचा अंदाज देऊ शकतात. वेळ असेल तर तेरा, सात आणि एक तास आधी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइड, 50 मिलिग्रॅम देतात. त्यानेही शंभर टक्के हमी नाही. साधा सीटी किंवा सोनोग्राफीवर भागत असेल तर डाय लागतच नाही. एमआरआयचा डाय गॅडोलिनियमचा, तो वेगळाच, त्याला या कागदावरून कोणी नाही म्हणू नये. आणि "थोडा देऊन बघू" असं कोणी म्हणालं तर नको म्हण. आम्ही पूर्वी 1 मिलीचा टेस्ट डोस देऊन पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसायचो आणि स्वतःला फार शहाण्या समजायचो. त्या थेंबानेही रिॲक्शन येऊ शकते, आणि नाही आली म्हणून पुढे येणार नाही असं काही नसतं.

अजून एक. फॉर्मवर "दमा आहे का" याच्यापुढे तू "नाही" लिहिलंस. मी पाहिला फॉर्म. 2004 च्या विसर्जनाला गुलालात तू निळा पडलास, बाबांनी तुला खांद्यावर घालून गर्दीतून चिंचपोकळीपर्यंत पळत नेलं, तो दमाच होता. पंप बारावीनंतर सुटला म्हणून दमा नव्हता असं होत नाही. दमा असणाऱ्याला डायचा धोका जास्त. तुला ते मुलींसमोर सांगायला लाज वाटते हे मला माहीत आहे. डॉक्टरांना सांग निदान.

किती वेळा लिहिलं ना मी तेच. एकच गोष्ट म्हणाले होते. पण तू म्हणतोस फोनमध्ये फोटो आहे, आणि त्या फोनला तुझ्या बोटाचं कुलूप. त्या गावात तुला कोणी उचलून नेलं, तू बोलण्याच्या स्थितीत नसलास, तर ते अनोळखी लोक आधी खिसे बघतील. मी हे लिहायलाच नको होतं. रात्र झाली की असलं सुचतं. तू नीट राहशील, शहाणा आहेस, इथल्या आम्हा दोघांपेक्षा जास्त शिकलास. आजी असती तर अख्ख्या वाडीत पेढे वाटत फिरली असती.

चिठ्ठ्या तीन आहेत. एक पासपोर्टच्या कव्हरात मागच्या कप्प्यात, एक पाकिटात, एक तपकिरी जॅकेटच्या आतल्या खिशात. धुवायला टाकताना काढ. इंग्रजीत बाबांनी लिहिल्या, माझ्या अक्षराला तू हसतोस म्हणून. औषधाचं नाव, तारीख, किती मिनिटांत काय झालं, काय दिल्यावर उतरलं, लहानपणीचा दमा. स्पेलिंग बाबाच खालच्या केमिस्टकडे जाऊन तपासून आले, चप्पल घालून, एवढ्या रात्री. सगळं लिहून झाल्यावर शेवटी त्यांनी स्वतःच्या मनाने एक ओळ घातली आहे: कोलंबी चालते.

मी खोडली नाही.

तुझी,
आई