मानसशास्त्राच्या एम.ए.विषयी मित्रास पत्र

खानापूर, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शाळेतून रजा घेऊन मानसशास्त्रात एम.ए. करावे असे तुझ्या मनात आहे आणि त्या दोन वर्षांत नेमके काय शिकवतात हे तू विचारले आहेस. मी धारवाडला तोच अभ्यासक्रम करतो आहे, तेव्हा जे प्रत्यक्ष पाहतो आहे तेच लिहितो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. केवळ एम.ए. झाल्याने मनोरुग्णांवर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेले वेगळे प्रशिक्षण आणि तिच्याकडची नोंदणी लागते. उपचार शिकण्याच्या ओढीने आलेले कित्येक जण पहिल्याच सत्रात हिरमुसतात, कारण त्यांच्यापुढे येते ते संख्याशास्त्र. स्मृती, अवधान, व्यक्तिमत्त्व, मनोविकृती हे विषय तू पदवीला वरवर का होईना वाचले आहेस, म्हणून त्यांच्यावर शाई खर्च करीत नाही.

तुझ्यासारख्या शिक्षकाने या अभ्यासाला यावे ते मानसशास्त्रीय चाचण्यांच्या विषयासाठी, असे माझे ठाम मत आहे. मुलाला मिळालेले गुण स्वतःहून काहीच बोलत नाहीत; त्याच्या वयाच्या, त्याच्यासारख्या परिस्थितीतल्या मुलांचे गुण शेजारी ठेवले तरच त्यांना अर्थ येतो. ही तुलनेची प्रमाणके कोणत्या मुलांवरून आणि कधी तयार केली, हे विचारण्याची सवय म्हणजे या विषयाचा गाभा.

आपल्या भागाचा या चाचण्यांच्या इतिहासाशी किती जवळचा संबंध आहे, हे मला धारवाडला गेल्यावरच कळले. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर केले आणि त्याविषयीचा त्यांचा लेख १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. धारवाड आणि बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, शाळांतून दोन्ही भाषा नांदत होत्या, आणि म्हणूनच एकाच चाचणीची दोन भाषांतली रूपे करण्याची गरज इथल्या अभ्यासकाला जाणवली असावी. बिने-कामत चाचणी देशात अजूनही वापरली जाते, ही अभिमानाची गोष्ट आहे आणि चिंतेचीही. जेम्स फ्लिन या संशोधकाने १९८४ मध्ये दाखवले की अमेरिकेत बुद्ध्यांकाची सरासरी दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेली होती. असा बदल जिथे होतो तिथे जुनी प्रमाणके मुलाचा बुद्ध्यांक आहे त्याहून जास्त दाखवतात, आणि ज्याला खरोखर मदत हवी असे मूल बौद्धिक अक्षमतेसाठी धरल्या जाणाऱ्या ७० बुद्ध्यांकाच्या रेषेच्या वर राहून सवलतींना मुकू शकते.

याच्या उलट बाजूचे नुकसान आपल्या सीमाभागात अधिक संभवते. घरी मराठी, गल्लीत कन्नड आणि शाळेत इंग्रजी अशा मुलाची चाचणी जर त्याच्या सर्वांत कच्च्या भाषेत घेतली, तर आपण मोजतो ती त्याची भाषा, आणि अहवालात लिहितो ती बुद्धी. वेल्समध्ये १९२३ साली सेअर या अभ्यासकाने ग्रामीण भागातली द्विभाषिक मुले बुद्धिचाचणीत एकभाषिक मुलांच्या मागे पडतात असे मांडले होते. पण १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट यांनी मॉन्ट्रियलमधील दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करताना सामाजिक स्तर सारखा राहील अशी काळजी घेतली, आणि दोन्ही भाषांवर चांगली पकड असलेली मुले पुढे निघाली. दोन अभ्यासांचे निष्कर्ष इतके निरनिराळे का, हे समजण्यासाठीच ते रुक्ष वाटणारे संख्याशास्त्र लागते. तुझ्या वर्गातल्या एखाद्या मुलावर कोणी ‘मंद’ असा शिक्का मारला, तर चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मुलाचे रोजचे व्यवहार कसे चालतात हे पाहिले का, असे विचारणारा एक तरी माणूस शाळेत असला पाहिजे. तो तू असावास असे मला मनापासून वाटते.

प्रात्यक्षिकांची जर्नले लिहिण्यात फार वेळ जातो, आणि व्याख्याने इंग्रजीत होतात. त्याची धास्ती घेऊ नकोस. अर्ज भरण्यापूर्वी सरासरी, प्रमाण विचलन आणि सहसंबंध एवढे डोळ्यांखालून घाल. माझ्या वह्या बेळगावला येईन तेव्हा तुझ्याकडे देतो. रजेचे काय ठरले ते कळव. काकूंना नमस्कार सांग.

तुझा स्नेही