दोन गजांत चार बोटं

अण्णा, नमस्कार.

मी बेळगावात टिळकवाडीत रेल्वेच्या दुसऱ्या गेटाजवळच्या अपार्टमेंटमधली, तिसऱ्या मजल्यावरची अक्का. गेल्या मे महिन्यात तुम्ही आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायचा स्टँड बसवायला आला होतात.

काम आटोपून पाणी पिताना तुमची नजर हॉलच्या खिडकीकडे गेली. खिडकीखाली दिवाण आणि दिवाणावर आमचा दोन वर्षांचा चिरंजीव, रेल्वेची शिट्टी ऐकून जाळीला नाक लावून उभा. तुम्ही त्याला उचलून माझ्या कडेवर दिलंत आणि जाळीच्या कोपऱ्यावर नुसता अंगठा दाबलात. रबर सुटलं, जाळी बाहेर लोंबायला लागली. "ही डासांसाठी हाय अक्का," एवढंच म्हणालात. माझ्या पोटात गोळा आला. रोज तिथंच टेकून तो गाडी बघायचा.

शहापूरच्या आमच्या जुन्या घरात खिडक्यांना उभे लोखंडी गज होते. ते धरूनच आम्ही भावंडं वाढलो. फ्लॅटमध्ये आल्यावर मात्र स्लायडिंगच्या मोठ्या खिडक्यांचं कोण कौतुक! ग्रिल लावलं की तुरुंग वाटतो, असं म्हणणारी मीच.

मग ग्रिलवरून आपला वाद झाला. मला मोबाइलवर बघितलेलं आडव्या पट्ट्यांचं डिझाइन हवं होतं. "बेड अक्का, बेड," म्हणजे तुमच्या कन्नडात नको. "पोराला शिडी करून देता काय?" असं म्हणून तुम्ही उभ्या गजांवर अडून बसलात. दोन गजांत चार बोटं धरून दाखवलीत. यापेक्षा जागा जास्त ठेवली तर पोराचं अंग निसटतं आणि डोकं अडकतं, म्हणालात. अल्युमिनियमच्या चौकटीलाच स्क्रू मारा, स्वस्तात होईल, असं आमच्या यांनी सुचवून बघितलं. तेही ऐकलं नाहीत. भिंतीत ड्रिल मारून फास्टनरनंच बसवलंत. आमच्या पावसात गंजायला नको म्हणून आधी रेड ऑक्साइडचा हात दिलात. ग्रिलला एक उघडणारं दारही केलंत, कुलपाचं. आग लागली तर कुठनं बाहेर पडणार, हा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात नव्हता. किल्लीचा खिळासुद्धा तुम्हीच ठोकलात, मोठ्यांच्या हाताशी आणि पोराला न पोचणारा.

जाताना दिवाण ओढून समोरच्या भिंतीला लावलात. (सासूबाईंना तिथं पंख्याचा वारा लागत नाही. ते मी अजून ऐकतेय.) पट्ट्यांच्या पडद्याची लोंबती दोरी गुंडाळून वर अडकवलीत, गळ्यात अडकते म्हणून. त्याचे वेगळे पैसेही धरले नाहीत.

आणि मी हिशेबाच्या वेळी पाचशे रुपयांसाठी तुमच्याशी अर्धा तास घासाघीस केली. आभार मानायचे राहूनच गेले. आता पोरगा टाचा उंचावून, दोन्ही मुठींत गज धरून "गाडीऽऽ" म्हणून ओरडतो, आणि मी स्वयंपाकघरात निवांत भाकरी थापते. त्या मुठी बघितल्या की तुमची आठवण येते.

खालच्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलंय. त्यांची मुलगी नुकती चालायला लागलीय, आणि त्यांचाही दिवाण खिडकीखालीच. दिवाण मी त्याच दिवशी हलवायला लावला, पण ग्रिल तुमच्याकडूनच करायचं आहे. तुमचा नंबर लिहिलेला कागद पावसात भिजून गेला. उद्यमबागेत जाऊन विचारलं, तर तिथं वेल्डिंग करणारा प्रत्येक जण अण्णाच! म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. वाचलंत, किंवा कुणी वाचून दाखवलं, तर एकदा येऊन जावा. या वेळी घासाघीस करणार नाही.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची अक्का