खाणींना सूट कशासाठी?

कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींतून मागे उरलेल्या सायनाइडच्या ढिगांविषयीचा (म्हणजे सोने काढून घेतल्यावर टाकलेल्या सायनाइडमिश्रित भुकटीच्या ढिगांविषयीचा) लेख (रविवार पुरवणी) वाचला. त्यात न आलेला एक मुद्दा मांडावासा वाटतो. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. माती-पाणी नासवणाऱ्याकडूनच सफाईचा खर्च वसूल करायचा, हे त्यांचे सूत्र योग्यच आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रासायनिक वासामुळे रात्री खिडक्या लावून घेणाऱ्या आम्हा रहिवाशांना त्याचा आधार वाटतो. मात्र खाणकामातून झालेले प्रदूषण सर्वसाधारणपणे या नियमांच्या कक्षेबाहेरच ठेवले आहे. कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. वारा सुटला की ढिगांवरची बारीक भुकटी आजही आसपासच्या घरांत शिरते, पाण्याच्या भांड्यांवर बसते. शेवटी खाण चालवणारी कंपनी तर सरकारीच होती, त्यामुळे प्रदूषक सापडत नाही ही सबबही येथे चालणार नाही. ढिगांतले उरलेले सोने काढायचेच असेल, तर त्यासाठीच्या परवान्यातच ढिगांच्या बंदिस्तीची व भूजल तपासणीची अट घालावी आणि नियमांतील ही सूट रद्द करावी.

– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई