आरोग्यमंत्री, ‘मनसु बागालेदु’ हे केसपेपरवर कुठे लिहायचं?

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

मानसोपचार वॉर्डात वर्षानुवर्षं ड्यूटी केलेली मी परिचारिका. आता निवृत्त आहे, सोलापुरात राहते. ज्या वॉर्डाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव मुद्दाम घालत नाही. नाव घातलं की चौकशी लागते, एखाद्या सिस्टरला मेमो मिळतो आणि विषय तिथेच मिटतो.

एका दुपारी पूर्व भागातल्या एक वयस्क विडी कामगार बाई दाखल झाल्या. तीन दिवस अन्नाला शिवल्या नव्हत्या. त्यांना तेलुगूच येई आणि मला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. सोबत सून होती, तीच दुभाषी झाली. मी मराठीत विचारायचं, सुनेनं तेलुगूत, बाईंनी दोन मिनिटं बोलायचं आणि सुनेनं मला सांगायचं, ‘नाही म्हणतात.’ ‘जीव नकोसा वाटतो का?’ हेसुद्धा मी सुनेच्या तोंडून विचारलं आणि पुढे ‘नाही’ लिहून मोकळी झाले.

विचारशक्ती तपासायला म्हणीचा अर्थ विचारायची आमच्यात पद्धत आहे. मी ‘नाचता येईना अंगण वाकडं’ विचारलं. बाई नुसत्या बघत राहिल्या. मी लिहिलं, ‘अर्थ सांगता येत नाही.’ ती म्हण खरं तर मलाच लागू होती.

रात्रपाळीच्या मावशी तेलुगू घरातल्या. केसांना तेल लावता लावता त्यांनी सहज विचारपूस केली. सून तेव्हा घरी गेली होती. बाई म्हणाल्या, ‘मनसु बागालेदु.’ मन ठीक नाही. मग हळूहळू सगळं निघालं. भूक मेली नव्हती. जगायचं नाही म्हणून त्यांनी जेवण सोडलं होतं. आणि माझ्या केसपेपरवर ठसठशीत ‘नाही’! मावशींनी येऊन सांगितलं म्हणून डॉक्टरांना रात्रीच उठवता आलं. त्या रात्री दुसऱ्या मावशी असत्या तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही टाळते.

साहेब, मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 2018 मध्ये लागू झाला. त्याच्या कलम 22 प्रमाणे आजार काय, उपचार कोणते, औषधांचे दुष्परिणाम काय, आपल्याला कोणत्या तरतुदीखाली ठेवलं आहे आणि त्याविरुद्ध याच कायद्याखालच्या पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते, हे सगळं रुग्णाला समजेल अशा भाषेत कळायला हवं. कलम 23 गोपनीयतेचं. पण घरातलीच व्यक्ती मध्ये बसून भाषांतर करत असेल तर गोपनीय राहतं काय? सुनेचा दोष मी काढत नाही. सासूची तक्रार स्वतःच्याच तोंडानं सांगायला कोणाची जीभ उचलेल?

सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू बोलणारं गाव आहे. भाजी घेताना आम्ही सहज भाषा बदलतो. दवाखान्याचा फॉर्म तेवढा एकाच भाषेत अडून बसतो. अक्कलकोटकडून आलेला घाबरलेला मुलगा कन्नडमध्ये ओरडला की ‘आक्रमक’ अशी नोंद होते. मग पट्टे निघतात. कलम 97 सांगतं की तत्काळ होऊ घातलेली इजा दुसऱ्या कशानंही टळत नसेल तरच शरीर बांधावं, तेही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं, आणि रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीनं बोलायला नेमलेल्या माणसाला, 24 तासांत कळवावं. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. रात्रपाळीला एकटी सिस्टर असली की हे वाचायला फार छान वाटतं!

माझं मागणं मोठं नाही. सोलापूर जिल्ह्यात मानसोपचाराच्या रुग्णांसाठी तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलणारे प्रशिक्षित, पगारी दुभाषी हवेत. फोनवरून मिळाले तरी चालतील. दाखल करतानाच्या मूल्यमापनातला निदान काही वेळ रुग्ण नातेवाइकांशिवाय परिचारिकेशी बोलला, अशी नोंद सक्तीची करा. आणि त्यासाठी सिस्टरला वेळ द्या. एका हातात सलाईन आणि दुसऱ्या हातात फॉर्म धरून कोणाचं मन कळत नाही. म्हणींचा प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत विचारता येत नसेल, तर सरळ गाळला तरी चालेल. त्या मावशींसारख्यांचं काम तर कुठल्याच रजिस्टरला लागत नाही. भाषेसाठी त्यांना भत्ता द्यायला काय हरकत आहे?

सोलापूर दौऱ्यावर आलात तर एखाद्या मानसोपचार विभागात जरूर या. मूल्यमापन चालू असलेल्या खोलीत मात्र शिरू नका, ती वेळ रुग्णाची आहे. बाहेरच्या बाकावर बसा आणि ते दार किती मिनिटांत उघडतं, तेवढं घड्याळात बघा.

आपली नम्र,
एक निवृत्त सिस्टर, सोलापूर